बिबट्याची करवत आणि गळ्यातलं हाड

कामोठ्यातल्या घरात, कपड्यांच्या कपाटात माईक ठेवून बोलतोय. मध्येच मानसरोवर स्टेशनकडून लोकलचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

परवा जुन्नरहून आजीचा फोन. "रात्री उसाच्या कडेला कोणीतरी लाकूड कापत होतं बघ." कापणारा कोण, हे तिला पक्कं माहीत होतं. बिबट्याचा आवाज तसाच असतो. श्वास सोडताना एक खरखर, घेताना दुसरी, करवत पुढे-मागे ओढल्यासारखी. तिचा प्रश्न वेगळाच होता. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती आणि काकाला मोटर चालू करायला जायचं होतं.

मी काय सांगणार? मी कोड लिहितो. पण डोक्यात किडा वळवळला आणि वाचत बसलो.

1916 मध्ये पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने मांजरकुळाची विभागणी गळ्यावरून केली. जिभेच्या मुळाशी हाडांची एक साखळी असते. घरची मांजर, चित्ता यांच्यात ती पूर्ण हाडाची, म्हणून ती घुरघुरतात. वाघ, सिंह, बिबट्या, जग्वार यांच्यात त्या साखळीत एका जागी लवचीक पट्टा असतो, म्हणून ते गर्जतात. एकदम क्लीन लॉजिक! पण त्यात एक बग होता: हिमबिबट्या. त्याचा पट्टाही लवचीक, पण गडी गर्जतच नाही. 1989 मध्ये हास्ट यांनी स्वरयंत्रं तपासली, तेव्हा गर्जणाऱ्यांच्या स्वरपडद्यांवर जाड गादी सापडली. हिमबिबट्याला ती नाही. 2011 मध्ये सिंह-वाघांच्या पडद्यांवर आणखी काम झालं: आतल्या चरबीमुळे पडदे चौकोनी, सपाट राहतात आणि फुफ्फुसाचा फार जोर न लावताही आवाज दणकून निघतो.

बरं, एवढा खटाटोप कशासाठी? बिबट्या एकटा राहणारा प्राणी. दुसऱ्या नराला "ही हद्द माझी" आणि मादीला "मी इथे आहे", हे समोरासमोर न येता सांगायचं असतं. म्हणजे भांडण टाळायची सोय.

इथे मला जुन्नरची जुनी गोष्ट आठवते. 2001 नंतर तिथे पिंजरे लावून बरेच बिबटे पकडले आणि लांबच्या जंगलांत सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला: माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 वर गेले. त्यांचे निष्कर्ष स्थलांतराबद्दल आहेत, आवाजाबद्दल नाहीत. पण मला वाटतं, हद्दींची सगळी बोलणी मोडल्यावर दुसरं काय होणार?

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. 2024 मध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या टीमने टांझानियात बिबट्यांची करवत रेकॉर्ड केली आणि कॉम्प्युटरने नुसत्या आवाजावरून कोणता बिबट्या हे 93 टक्के अचूक ओळखलं. मी आजीला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याला विचार, हा कोणाचा."

काका त्या रात्री गेलाच. शेजारच्याला सोबत घेऊन, बॅटरी पेटवून, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावून. ओढ्यापलीकडे करवत दोनदा चालली, म्हणाला, मग गप्प. पाणी पहाटेपर्यंत दिलं.