फेस्टिनिऑग रेल्वे

फेस्टिनिऑग रेल्वे : वायव्य वेल्समधील अरुंदमापी लोहमार्ग. लांबी सुमारे २१.७ किमी., रूळमाप ५९७ मिमी. ब्लायनाय फेस्टिनिऑग या डोंगरातल्या खाणगावापासून पोर्थमाडॉग या बंदरापर्यंत हा मार्ग जातो. कंपनीची स्थापना ब्रिटिश संसदेच्या २३ मे १८३२ च्या कायद्याने झाली आणि २० एप्रिल १८३६ रोजी वाहतूक सुरू झाली. तीच कंपनी आजही मार्गाची मालक आहे. चालू स्थितीतील रेल्वे कंपन्यांत ती जगातील सर्वांत जुनी मानली जाते. आपला नेरळ–माथेरान मार्ग (१९०७) रूळमापाने (६१० मिमी.) आणि लांबीने हिच्या अगदी जवळचा, पण हेतू उलटा. माथेरानची गाडी माणसांना वर नेण्यासाठी निघाली, ही दगड खाली आणण्यासाठी.

प्रवासी-पुस्तिका हा मार्ग बंदरापासून वर सांगत जातात. येथे तो वरून खाली दिला आहे, कारण आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो तसाच होता.

ब्लायनायच्या भोवतालच्या डोंगरांत पाटीचा दगड (स्लेट) सापडतो. ओकली, लेखवेद, माएनोफेरेन या येथील मोठ्या खाणी. त्यांचे बरेचसे काम जमिनीखाली, एकाखाली एक अशा दालनांतून चाले. वर आणलेल्या ठोकळ्यावर कारागीर रुंद, पातळ छिन्नी धरून हलकेच हातोडी मारी, की दगड पापुद्र्यासारखा सुटे. या पाट्या मुख्यतः घरांच्या छपरांवर जात. मापांप्रमाणे त्यांना डचेस, काउंटेस, लेडी अशी सरदारणींची नावे होती. काढलेल्या दगडाचा फार मोठा भाग वाया जाई आणि त्याचे राखाडी ढिगारे गावाच्या अंगावर आल्यासारखे आजही उभे आहेत. याच ढिगाऱ्यांपायी १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेतून ब्लायनाय वगळले गेले. नकाशावर चहूबाजूंनी उद्यान आणि मधोमध हे गाव, असे चमत्कारिक चित्र दिसते.

रेल्वेपूर्वी माल खेचरांवर आणि गाड्यांतून दुइरिद नदीच्या धक्क्यांवर येई, तेथून होड्यांत आणि होड्यांतून समुद्रावरच्या जहाजांत चढे. पाटी ठिसूळ, दर चढउतारात थोडी फुटायचीच. खाणमालक सॅम्युएल हॉलंड आणि डब्लिनचे व्यावसायिक हेन्री आर्चर यांनी रेल्वेचा उद्योग उभा केला आणि जेम्स स्पूनर यांनी मार्ग आखला. सुमारे २१५ मी.ची उंची उतरताना कोठेही चढ येऊ द्यायचा नाही, हे त्या आखणीचे सूत्र. सरासरी उतार ९२ ला १. भरलेली गाडी स्वतःच्याच वजनाने बंदरापर्यंत पोचावी आणि रिकाम्या वाघिणी घोड्यांनी परत ओढाव्यात, असा बेत होता. रूळमाप अरुंद ठेवण्याचे कारणही येथेच आहे: डोंगराच्या कडेकडेने जाताना वळणे आवळून घेता येत, शिवाय खाणींतले रूळ साधारण याच मापाचे होते.

प्रत्यक्षात खाली यायला सुमारे दीड तास लागे, वर जायला सहाच्या आसपास. उतरताना घोडे शेवटच्या खास वाघिणीत उभे राहून वैरण खात येत. ब्रेकवाल्यांचे काम जिवावरचे. पाट्यांनी लादलेल्या धावत्या वाघिणींवरून एकीवरून दुसरीवर पाय टाकत जायचे आणि हाताने ब्रेकचे दांडे दाबायचे किंवा सैल करायचे. इंजिने आल्यावरही ही पद्धत सुटली नाही. इंजिन रिकाम्या वाघिणी वर नेई, भरलेल्या मात्र १९३९ पर्यंत उतारानेच सोडल्या जात. फुकट मिळणारे गुरुत्वाकर्षण सोडून कोळसा जाळण्याचे काही कारणच नव्हते.

ब्लायनाय सोडल्यावर पहिले गाव तानिग्रिशाय. त्याच्या पुढे मोएलविन डोंगर आडवा येतो. सुरुवातीची काही वर्षे गाड्या त्याच्यावरून तिरप्या उतरणींनी, दोरखंडाने ओढून नेत. १८४२ मध्ये सुमारे ६७० मी. लांबीचा बोगदा पुरा झाला आणि मार्ग सलग उताराचा झाला. त्याच वर्षी हॅम्बुर्ग शहर आगीत जळाले, पुनर्बांधणीसाठी छपरे हवी झाली आणि वेल्सच्या पाटीला जर्मनीत गिऱ्हाईक मिळाले.

हा तुकडा आज जागेवर नाही. १९५० च्या दशकात विद्युत मंडळाने येथे पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारे वीजकेंद्र योजले (कार्यान्वित १९६३) आणि त्याच्या खालच्या तलावात जुना मार्ग बुडाला. नुकसानभरपाईचा कज्जा वर्षानुवर्षे चालला. निकालाची वाट न पाहता स्वयंसेवकांनी १९६५ मध्ये फावडी उचलली. सुमारे चार किलोमीटरचा वळसा घालायचा होता आणि तलावाच्या पातळीवर जाण्यासाठी उंचीही कमवायची होती. त्यासाठी दिआल्त येथे रुळांनी पूर्ण वेढा घेतला असून मार्ग पुलावरून स्वतःलाच ओलांडतो. ब्रिटनच्या सार्वजनिक रेल्वेवर असा दुसरा वेढा नाही. वेढ्यानंतरचा नवा बोगदा कॉर्नवॉलच्या कथील खाणींतील अनुभवी माणसांच्या देखरेखीखाली १९७७ पर्यंत खोदून झाला. वीजकेंद्राच्या मागून जाताना रूळ जुन्या पातळीच्या वर चढतात आणि तानिग्रिशायकडे पुन्हा उतरतात. म्हणजे स्पूनर यांचे सूत्र येथे मोडले. ब्लायनायहून सुटलेली वाघीण आता आपणहून समुद्रापर्यंत येणार नाही.

दिआल्तच्या खाली मार्ग ओक वृक्षांच्या जंगलात शिरतो. जमीनदार ओकली यांच्या तान-इ-बुल्ख या वाड्याच्या वरच्या अंगाने, दरीच्या काठाकाठाने तो जातो. तान-इ-बुल्ख स्थानक जवळजवळ मध्यावर आहे. खाली लिन मायर हा छोटा तलाव दिसतो. पुढे के मावर हा सुमारे १९ मी. उंचीचा भराव लागतो. चुन्याशिवाय नुसता दगडावर दगड रचून केलेला हा बांध, त्यावर हे खेळण्यासारखे रूळ. संपूर्ण मार्गावर थांबून पाहावे असे हेच ठिकाण. त्यानंतर पेनरिन आणि मिन्फॉर्द. मिन्फॉर्दला किनाऱ्याची प्रमाणमापी रेल्वे खालून जाते. १८७२ पासून तेथे पाट्यांचा माल मोठ्या गाड्यांत भरला जाऊ लागला आणि बंदराचे महत्त्व तेव्हापासून ओसरू लागले.

बॉस्टन लॉज येथे रेल्वेचा कारखाना आहे. खासदार विल्यम मॅडॉक्स यांनी त्राएथ मावर ही भरतीची खाडी अडवण्यासाठी १८११ मध्ये सुमारे दीड किलोमीटरचा बांध घातला, त्याच्या दगडासाठी येथे खाण उघडली होती. दुसऱ्याच वर्षी समुद्राने बांध फोडला. १८१४ मध्ये तो दुरुस्त झाला. मार्गाचा शेवटचा टप्पा याच बांधावरून जातो.

रेल्वेचे नाव जगभर झाले ते इंजिनांमुळे. इतक्या अरुंद रुळांवर वाफेचे इंजिन चालणार नाही, असे भले भले अभियंते सांगत. जेम्स यांचे पुत्र चार्ल्स ईस्टन स्पूनर यांनी १८६३ मध्ये लंडनच्या जॉर्ज इंग्लंड यांच्या कारखान्यातून इंजिने आणली. कॅप्टन टायलर या सरकारी निरीक्षकाने तपासणी केल्यावर जानेवारी १८६५ मध्ये अधिकृत प्रवासी वाहतूक सुरू झाली. अरुंदमापी मार्गावर ब्रिटनमध्ये ती पहिलीच. १८६९ मध्ये रॉबर्ट फेअर्ली यांच्या पेटंटनुसार ‘लिटल वंडर’ आले: दोन्ही टोकांना धुराडी, मध्ये चालकाची जागा आणि वळणावर स्वतंत्र फिरणाऱ्या चाकांच्या दोन जोडगाड्या. फेअर्ली यांनी या रेल्वेला पेटंट विनामूल्य वापरू दिले, कारण १८७० च्या चाचण्या पाहायला रशियापासूनचे पाहुणे येणार होते. त्या प्रकारचे, १८७९ मध्ये बॉस्टन लॉजलाच बांधलेले ‘मेरदिन एमरिस’ अजून धावते.

प्रमाणमापी मार्ग १८७९ आणि १८८३ मध्ये थेट ब्लायनायला पोचले आणि मालाची वाटणी झाली. पुढे पाटीची मागणीच घटली. प्रवासी वाहतूक सप्टेंबर १९३९ मध्ये, पाट्यांची १९४६ मध्ये थांबली. मार्ग रीतसर बंद करायला संसदेचा नवा कायदा हवा होता; तो कोणी केला नाही, म्हणून रूळ झुडपांत पडून राहिले आणि त्यामुळेच वाचले. ॲलन पेग्लर यांनी १९५४ मध्ये कंपनीची सूत्रे घेतली. २३ जुलै १९५५ रोजी पोर्थमाडॉग ते बॉस्टन लॉज गाडी सुरू झाली आणि ब्लायनाय गाठायला १९८२ उजाडले. २०२१ मध्ये वायव्य वेल्सचा पाटी-प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. ही रेल्वे त्याचा घटक आहे.

पोर्थमाडॉगच्या गोदीत आता हौशी नौका असतात. वेल्श हायलँड रेल्वेची कार्नार्व्हनकडून येणारी सुमारे ४० किमी.ची अरुंदमापी गाडी २०११ पासून गावातल्या रस्त्यावरून, मोटारी थांबवून, याच स्थानकात येते.