फाटकापाशीं थांबलेला सायकलस्वार

गोंदियाच्या तांदुळाच्या गिरण्यांत कामास येणारा खेड्यांतील मनुष्य सायकलीवर येतो, तेव्हां वाटेंत त्याला अडविणारी सत्ता पोलिसाची नव्हे, तर रेल्वेच्या फाटकाची असते. ही सत्ता सायकलीहून जुनी आहे. नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटर गेज लाईन १८८२ सालीं राजनांदगांवास पोंचली. सारख्या दोन चाकांची, साखळीनें चालणारी स्टार्ले यांची ‘रोव्हर’ सायकल निघाली ती १८८५ सालीं. पुढें बंगाल-नागपूर रेल्वेनें ती लाईन ताब्यांत घेऊन रुंद केली आणि गोंदिया मोठ्या हमरस्त्यावर आलें.

रस्त्यावरचा तांबडा-हिरवा दिवाहि रेल्वेकडूनच आलेला आहे. रेल्वेचे इंजिनिअर जे. पी. नाइट यांनीं डिसेंबर १८६८ मध्यें लंडनच्या पार्लमेंटापुढें रेल्वेच्या सिग्नलासारखा गॅसच्या दिव्यांचा खांब उभारला. महिन्याभरांतच गॅसचा स्फोट होऊन खांबापाशीं उभा असलेला पोलीस जखमी झाला, आणि तो प्रयोग थांबला.

मोटारवाला थांबला तर त्याचें पेट्रोल खर्च होतें. सायकलवाल्याची स्वतःची शक्ति खर्च होते. मागें धान्याचें पोतें असेल, तर पुन्हां वेग धरतांना त्याचे गुडघेच जाणतात. म्हणून तो चौकांत पाय न टेकतां सरकत राहतो. हा स्वभाव ओळखून अमेरिकेंतील आयडाहो राज्यानें १९८२ सालीं कायदा केला: जेथें ‘थांबा’ अशी पाटी असेल, तेथें सायकलस्वारानें वेग कमी करावा, दुसऱ्याचा हक्क असल्यास त्याला वाट द्यावी, एरवीं पुढें जावें.

फाटकापाशीं मात्र अशी सवलत कोणालाच देतां येणार नाहीं. चौकांतली मोटार वळूं शकते. आगगाडी वळत नाहीं, आणि भरधाव असतां उभी राहण्यास तिला शेंकडों मीटर लागतात. सायकल आडवी करून दांड्याखालून निघणारा मनुष्य बहुधा पहिली गाडी जाण्याची वाट पाहतो. ती गेली कीं तो पुढें सरतो. पण तिच्याआड दुसऱ्या रुळावरून उलट दिशेनें येणारी गाडी त्याला दिसलेली नसते.

ब्रॉड गेजवरील बिनराखणीचीं फाटकें जानेवारी २०१९ पर्यंत बंद करण्यांत आलीं. पुष्कळ ठिकाणीं पूल व भुयारी मार्ग झाले. जेथें फाटक उरलें आहे, तेथें सायकलवरून उतरून दोन्ही दिशांस पाहणें, आणि दांडा वर गेल्यावरच रूळ ओलांडणें, एवढेंच त्या घरीं वाट पाहणाऱ्या माणसांचें देणें आहे.