ऑर्थोकेराटॉलॉजी

रात्री झोपताना खास घडणीची कडक कॉन्टॅक्ट लेन्स घालून पारपटलाचा, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा, आकार तात्पुरता बदलण्याची पद्धती. सकाळी लेन्स काढली की दिवसभर चष्म्याविना लांबचे स्पष्ट दिसते. मुख्य उपयोग निकटदृष्टितेत. उणे ४ पर्यंतच्या नंबराला फळ चांगले मिळते. लेन्स बंद केल्यास काही दिवसांत ते काही आठवड्यांत मूळ नंबर परत येतो.

कार्य : लेन्सचा मधला भाग पारपटलाच्या गोलाईपेक्षा सपाट असतो आणि त्याभोवतीचे कडे अधिक वक्र. लेन्स पारपटलाला दाबून चपटे करते, ही समजूत बरोबर नाही. लेन्सखालच्या अश्रूंच्या पातळ थरातील दाबफरकामुळे सुमारे ५० मायक्रॉन जाडीचा वरचा पेशीथर मध्यभागी किंचित पातळ होतो आणि त्याभोवती जाड होतो. तपासताना फ्लुरोसीन या चमकणाऱ्या रंगद्रव्याचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात पाहिले, की मध्ये काळसर वर्तुळ, त्याभोवती झगझगीत हिरवे कडे व बाहेर पुन्हा काळसर पट्टा दिसतो. हे चित्र एका बाजूला सरकले असेल तर लेन्स मध्यावर बसलेली नाही. अशा माणसाला रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात.

इतिहास : १९६२ मध्ये शिकागोचे जॉर्ज जेसेन यांनी कडक प्लास्टिकच्या लेन्सने हा प्रयोग मांडला, फळ अनिश्चित होते. १९८९ मध्ये व्लोडिगा व स्टोयान यांनी उलट वक्रतेची लेन्स पुढे आणली. पुरेसा प्राणवायू आत सोडणारे साहित्य आल्यावर रात्रीचा वापर शक्य झाला आणि २००२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

मुलांमधील वापर : हाँगकाँगमधील २०१२ च्या अभ्यासात ६ ते १० वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांची लांबी वाढण्याचा वेग दोन वर्षांत चष्मेवाल्या मुलांपेक्षा ४३ टक्के कमी आढळला. लेन्स थांबवल्यावर हा लाभ किती टिकतो, याविषयी मतभेद आहेत.

जंतुसंसर्ग : या पद्धतीचा खरा धोका. बंद पापणीखाली पारपटलाला प्राणवायू आधीच कमी मिळतो. त्यात लेन्सवर जंतू असतील तर व्रण होऊन दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा पहिल्या ५० रुग्णांचा आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक पूर्व आशियातील होते आणि सुमारे ३० टक्क्यांमध्ये अकँथअमीबा हा पाण्यातील एकपेशीय जीव सापडला. त्याची कवचबंद अवस्था क्लोरीनलाही दाद देत नाही. टाकीच्या आतील बुळबुळीत थरात तो सहज राहतो.

सोलापूरसारख्या शहरात म्हणूनच पाण्याचा हा मुद्दा लेन्सच्या मापाइतकाच महत्त्वाचा ठरतो. उजनीचे पाणी नळाला काही दिवसांच्या अंतराने येते आणि मधल्या काळात घरोघरी हौद, टाकी, पिंप यांवर भागवावे लागते. हे पाणी उकळलेले असो वा फिल्टरचे, लेन्सला, तिच्या डबीला किंवा लेन्स काढण्याच्या रबरी काडीला लावू नये. डबी लेन्सच्या द्रावणानेच विसळून पालथी वाळवावी. साबणाने धुतलेले हात पूर्ण कोरडे करावेत. मात्र नव्या टर्किश टॉवेलचे तंतू बोटांना चिकटतात, तेव्हा अनेकदा धुतलेला सुती रुमाल बरा. सकाळी लेन्स डोळ्याला चिकटलेली वाटल्यास ओढू नये. थेंब घालून, पापण्या मिटून-उघडून ती हलू लागली की मगच काढावी. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सहन होईना, तर त्या रात्री लेन्स घालू नये आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे.

सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागांवर काम करणाऱ्यांना सुताच्या धुळीत दिवसा लेन्स वापरणे त्रासाचे होते. डोळा दिवसभर मोकळा राहणे ही या पद्धतीची त्यांच्यासाठी मोठी सोय.

बदल : जोडी साधारणतः वर्षभराने बदलतात.