गुहानिक्षेप आणि प्राचीन मॉन्सून

चुनखडीच्या गुहांमध्ये झिरपत्या पाण्यातून साचलेल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या थरांवरून शेकडो ते लाखो वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यांचा अंदाज बांधण्याची पद्धत. या थरांना गुहानिक्षेप म्हणतात. छताला लोंबणारे अधोमुखी स्तंभ, जमिनीवरून वर चढणारे ऊर्ध्वमुखी स्तंभ आणि भिंतींवर पसरणारे पापुद्रे हे त्यांचे नेहमीचे प्रकार. पुराहवामानाचे अभ्यासक मुख्यतः ऊर्ध्वमुखी स्तंभांकडे वळतात. ते ठिबकत्या थेंबाखाली थरावर थर चढत वाढतात, त्यामुळे उभा छेद घेतला की तळाशी सर्वांत जुना आणि टोकाशी सर्वांत नवा थर सापडतो.

भारतातील पावसाची मोजलेली सलग मालिका १८७१ पासूनची आहे. हवामान खाते स्थापन झाले ते १८७५ मध्ये. या दीडशे वर्षांत १८७७, १८९९, १९१८ आणि १९७२ सारखी वाईट वर्षे येऊन गेली, पण वीस-तीस वर्षे सलग ओढ देणारा मॉन्सून या मालिकेत नाही. तो पूर्वी कधी येऊन गेला होता का, हे पर्जन्यमापक सांगू शकत नाही. वृक्षवलयांची धाव आपल्याकडे बहुधा काही शतकांपुरतीच असते. गुहा त्याच्या कितीतरी मागे जातात.

पावसाचे पाणी मातीतून मुरताना मुळांनी व सूक्ष्मजीवांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी चुनखडी विरघळवत भेगांतून उतरते. गुहेच्या हवेत या वायूचे प्रमाण मातीतल्यापेक्षा कमी असल्याने तो पाण्यातून निसटतो आणि विरघळलेला चुना कॅल्साइट किंवा अ‍ॅरागोनाइट या खनिजाच्या रूपात बसतो. ही वाढ साधारणपणे वर्षाला एक मिलिमीटरचा शंभरावा ते दहावा भाग इतकीच असते. म्हणजे एक मीटर उंचीला दहा हजार ते एक लाख वर्षे लागतात. काही गुहांत ओल्या व कोरड्या ऋतूंमुळे वर्षाचा एकेक थर वेगळा दिसतो आणि तो मोजताही येतो.

थरांचे वय काढण्यासाठी युरेनियम-थोरियम पद्धत वापरतात आणि या साऱ्या शास्त्राचे बळ तिच्यातच आहे. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ताज्या थरात युरेनियम असते, थोरियम जवळपास नसते. पुढे युरेनियम-२३४ चा (अर्धायुकाल सुमारे २,४५,००० वर्षे) ऱ्हास होऊन थोरियम-२३० (सुमारे ७५,६०० वर्षे) तयार होत जाते. या दोहोंचे गुणोत्तर मोजले की थर केव्हा बसला ते कळते. पद्धतीची पोच सुमारे सहा लाख वर्षांपर्यंत आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात द्रव्यमान वर्णपटमापकाने ही मोजणी होऊ लागली आणि थोडासा चुरा पुरू लागला; नमुना स्वच्छ असेल तर काही हजार वर्षांपूर्वीच्या थराचे वय काही दशकांच्या फरकाने सांगता येते. गोम आहे ती गाळाची. पुराच्या पाण्याबरोबर माती आत आली, तर तिच्यातले थोरियम हिशेबात मिसळते आणि थर आहे त्याहून जुना भासतो.

पावसाची खूण ऑक्सिजनमध्ये असते. पाण्यात ऑक्सिजन-१६ बरोबर थोडासा जड ऑक्सिजन-१८ असतो. ढगातून पाऊस पडताना जड समस्थानिक आधी खाली येतो, उरलेली वाफ हलकी होत जाते. त्यामुळे जोरदार व दीर्घकाळ चाललेल्या मॉन्सूनचे पाणी हलके असते आणि ते ज्या थरात उतरते त्यातही ऑक्सिजन-१८ कमी भरतो. विली डान्सगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये पावसाचे प्रमाण व समस्थानिक यांच्यातला हा संबंध मांडला. कार्बनचे समस्थानिक, मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियम यांचे प्रमाणही तपासतात, पण साक्षीदार म्हणून त्यांचा मान दुय्यम.

हे सगळे किती भरवशाचे, याची पहिली ठोस खात्री चीनमध्ये पटली. नानजिंगजवळच्या हुलू गुहेतील स्तंभांवर वांग योंगजिन आणि सहकाऱ्यांचा निबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ७५,००० ते ११,००० वर्षांपूर्वीच्या या काळात ग्रीनलंड थंड झाले की आशियाई मॉन्सून मंदावत होता, असे त्यात दिसले. पुढे चीनच्या निरनिराळ्या गुहांचे आलेख जोडून २०१६ मध्ये चेंग हाई यांच्या गटाने ६,४०,००० वर्षांची मालिका पूर्ण केली. पृथ्वीच्या आसाच्या परांचनामुळे उन्हाळ्यातील सूर्यताप सुमारे २३,००० वर्षांच्या चक्रात कमीजास्त होतो. मॉन्सूनही त्याच्या मागोमाग चालतो. दक्षिण ओमानमधल्या कुन्फ गुहेने (२००३) अरबी समुद्राच्या बाजूनेही तेच सांगितले: गेल्या सुमारे आठ हजार वर्षांत सूर्यताप घटत गेला, तसा मॉन्सूनही क्षीण होत गेला.

भारतातील नोंदींपैकी मराठी वाचकाला सर्वांत जवळची आहे बस्तरच्या कांगेर खोऱ्यातील दंडक गुहेची. अशीष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तिच्यातून इ. स. ६०० ते १५०० या काळातील मॉन्सूनचा आलेख मांडला. चौदाव्या शतकापासून पंधराव्याच्या मध्यापर्यंत तो बराच खालावलेला दिसतो. महाराष्ट्रात दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणून ओळखला जाणारा, १३९६ पासून दहा-बारा वर्षे चाललेला काळ याच टप्प्यात येतो. बारा वर्षांचा दुष्काळ ही लोकस्मृतीची अतिशयोक्ती असेल, असे मानण्याकडे पूर्वी कल होता. गुहेची साक्ष लोकस्मृतीच्या बाजूने पडते.

उत्तराखंडातील साहिया गुहेवरून गायत्री कठायत आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ५,७०० वर्षांची मालिका तयार केली. परंतु जगाच्या नकाशावर नाव गेले ते मेघालयातील सोहरा (चेरापुंजी) जवळच्या मॉमलूह गुहेचे. तिथल्या एका स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मॉन्सून कमजोर झाल्याची खूण मिळाली. तिच्या आधारे आंतरराष्ट्रीय भूविज्ञान संघाने २०१८ मध्ये होलोसीन युगाच्या अखेरच्या भागाला ‘मेघालयन’ हे नाव दिले. त्याचा आरंभ इ. स. २००० पूर्वी ४,२५० वर्षे असा धरला आहे आणि आपण आजही त्याच काळात आहोत.

निर्णय सर्वांना पटला असे मात्र नाही. त्याच वर्षी त्याच गुहेतल्या दुसऱ्या स्तंभांची अधिक बारीक मालिका प्रसिद्ध झाली. तिच्यात एका झटक्यात झालेला बदल दिसत नाही. ४,००० वर्षांपूर्वीच्या सुमारास आलेले, काही दशके टिकणारे कोरडे टप्पे दिसतात. सिंधू संस्कृतीची शहरे ओस पडण्याशी या दुष्काळांचा संबंध जोडतात. काळ जुळतो हे खरे. कारण तेवढेच होते असे मात्र म्हणता येत नाही. शहरे अनेक पिढ्यांत रिकामी झाली आणि वस्ती पूर्वेकडच्या लहान गावांकडे सरकली. पावसाच्या आलेखावरून थेट राज्यांचा उदयास्त सांगणारे लेखन सावधपणेच वाचावे.

अडचण मुळातच आहे. गुहा काळ नेमका सांगते, पाऊस किती मिलिमीटर ते सांगत नाही. सोहराच्या पावसावर सेबास्टियन ब्राइटेनबाख आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की तिथल्या पाण्याचा हलकेपणा स्थानिक पावसाच्या प्रमाणापेक्षा वाफ कुठून आली यावर जास्त अवलंबून असतो. पावसाळ्याच्या शेवटी नद्यांच्या पुराचे गोडे पाणी बंगालच्या उपसागरात पसरते, त्यावरून येणारी वाफ मुळातच हलकी असते. शिवाय छतावरच्या खडकात पाणी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे मुरत राहते, तेव्हा एकाच वर्षाचा दुष्काळ आलेखात विरून जातो. गुहेतच बाष्पीभवन झाले तर ऑक्सिजनची खूण बिघडते. म्हणून एकाच गुहेतल्या दोन स्तंभांचे आलेख जुळतात का, हे आधी पाहतात. कापलेला स्तंभ पुन्हा उगवत नसल्याने शक्यतो आधीच तुटून पडलेला नमुना निवडण्याची पद्धत आहे.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्टचा. अजिंठा-वेरूळची लेणी माणसाने खोदलेली. त्यांत असे स्तंभ वाढत नाहीत. दक्षिणेकडे कर्नाटकच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अकलगवी गुहेतील ३३१ वर्षांच्या स्तंभाचा अभ्यास अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे एम. जी. यादव व आर. रमेश यांनी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे जी. बी. पंत यांच्यासह केला आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वेला दंडक, दक्षिणेला अकलगवी: या दोहोंच्या मधल्या दख्खनच्या जुन्या पावसाचा अंदाज सध्या या शेजारच्या गुहांवरून आणि दुष्काळांच्या कागदोपत्री नोंदींवरूनच बांधावा लागतो.