लोकसभा निवडणुकीत पसंतीक्रम मतदान

पसंतीक्रम मतदान ही मतदाराने उमेदवारांपुढे १, २, ३ असे अंक लिहून आपला पसंतीक्रम नोंदविण्याची निवडणूक पद्धती आहे. भारतात राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यसभा आणि विधान परिषद यांच्या निवडणुका या पद्धतीने होतात. लोकसभेसाठी मात्र सर्वाधिक मते मिळविणारा उमेदवार विजयी ठरतो. त्याला निम्म्याहून अधिक मते मिळणे आवश्यक नसते. हीच पद्धती लोकसभेसाठीही स्वीकारावी काय, हा संविधान सभेपासून चर्चिला गेलेला प्रश्न आहे.

कार्यपद्धती

एका जागेच्या निवडणुकीत वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक, असा विजयाचा मतकोटा ठरतो. पहिल्या पसंतीच्या मोजणीत कोणीही तो गाठला नाही, तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो व त्याच्या मतपत्रिका पुढील पसंतीनुसार उर्वरित उमेदवारांकडे जातात. निकाल लागेपर्यंत ही क्रिया चालू राहते. पहिली पसंती नोंदविणे अनिवार्य असून पुढील पसंती ऐच्छिक असतात. पुढील पसंती न लिहिलेल्या मतपत्रिका पहिला उमेदवार बाद होताच मोजणीबाहेर पडतात. त्यामुळे शेवटी विजेत्याला कोटा न गाठताही निवडून येता येते.

महाराष्ट्रातील अनुभव

महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी पदवीधर व शिक्षक मतदारसंघांकडे प्रत्येकी ७ जागा आहेत. यवतमाळ जिल्हा अमरावती विभागाच्या या दोन्ही मतदारसंघांत मोडतो. त्यामुळे महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथील नोंदणीकृत पदवीधर लोकसभेसाठी हिंगोली मतदारसंघात यंत्रावरील एक बटण दाबतो, तर विधान परिषदेसाठी कागदी मतपत्रिकेवर केंद्रावर दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनाने अंक लिहितो. बरोबरची खूण केल्यास किंवा १ हा अंक एकाहून अधिक नावांपुढे लिहिल्यास मत अवैध ठरते. अमरावती पदवीधर मतदारसंघात ३० जानेवारी २०२३ रोजी मतदान झाले. पहिल्या पसंतीत कोणालाही कोटा गाठता न आल्याने बाद फेऱ्या घ्याव्या लागल्या. २ फेब्रुवारीला सुरू झालेली मोजणी दुसऱ्या दिवशी संपली आणि काँग्रेसचे धीरज लिंगाडे यांनी भाजपचे विद्यमान आमदार रणजित पाटील यांचा पराभव केला.

संविधान सभेतील चर्चा

४ जानेवारी १९४९ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी बहुसदस्य मतदारसंघ व प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली. त्यांचा प्रस्ताव संचयी मताचा होता, पसंतीक्रमाचा नव्हे. परंतु अल्पमतातील गटांची मते वाया जाऊ नयेत, ही चिंता दोहोंत समान होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला दोन कारणांनी विरोध केला: अशा पद्धतीस साक्षर मतदार लागतो, आणि संसदीय शासनाला स्थिर बहुमत हवे असते. दुरुस्ती फेटाळली गेली. १९५१ मध्ये देशातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती. २०११ मध्ये ती सुमारे ७३ टक्के झाली.

कायदेशीर स्थिती

संविधानाच्या अनुच्छेद ५५, ६६, ८० व १७१ मध्ये एकल संक्रमणीय मताचा स्पष्ट उल्लेख आहे. लोकसभेविषयीचा अनुच्छेद ८१ प्रत्यक्ष निवडणूक सांगतो, मतमोजणीची रीत सांगत नाही. सर्वाधिक मतांचा नियम निवडणूक कायदा व १९६१ च्या निवडणूक नियमांतून आला आहे.

बाजू आणि आक्षेप

२०२४ मध्ये हिंगोलीत विजयी उमेदवाराला निम्म्याहून कमी मते मिळाली. बहुरंगी लढतींत असे वारंवार घडते. पसंतीक्रमामुळे मतविभागणीची भीती कमी होते आणि आपल्या आवडीच्या लहान पक्षाला मत दिल्याने ते वाया जाईल, ही धास्ती उरत नाही, असे समर्थक म्हणतात. अवैध मते वाढणे, लांबणारी मोजणी, निरक्षर मतदारांची अडचण आणि सध्याच्या मतदान यंत्रांत करावा लागणारा बदल हे प्रमुख आक्षेप आहेत.

अन्य देश

ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीगृहासाठी ही पद्धती १९१८ पासून आहे. आयर्लंडमध्ये बहुसदस्य मतदारसंघांत एकल संक्रमणीय मत वापरले जाते. ब्रिटनमधील मतदारांनी २०११ च्या सार्वमतात पसंतीक्रम नाकारला. श्रीलंकेत २०२४ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत प्रथमच पुढील पसंतींची मोजणी करावी लागली.