वराहपालनातील प्रजनन व्यवस्थापन

वराहपालनातील प्रजनन व्यवस्थापन : व्यापारी कळपातील माद्या वेळेवर फळाव्यात, सुखरूप व्याव्यात आणि त्यांची जास्तीत जास्त पिले जगावीत यासाठी केलेले नियोजन.

प्रजननचक्र : डुकरिणीचे माजचक्र सरासरी २१ दिवसांचे (१८ ते २४), तर गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो. पिलांना पाजत असताना ती सहसा माजावर येत नाही; पिले तोडल्यावर ४ ते ७ दिवसांत येते. पिले २८ दिवसांनी तोडली तर एक फेरा सुमारे १४७ दिवसांत पुरा होतो, म्हणजे वर्षाला जवळपास अडीच वेते मिळतात. एक माज हुकला की तीन आठवडे वाया जातात आणि खाद्याचा खर्च मात्र चालूच राहतो.

माज व रेतन : सुधारित जातींच्या तरुण माद्या साधारण ६ ते ७ महिन्यांच्या वयात प्रथम माजावर येतात, त्यांना दुसऱ्या वा तिसऱ्या माजाला भरवतात. पाठीवर दाब दिल्यावर मादी न हलता उभी राहिली, तर ती माजावर असल्याची खात्री होते. नर जवळ असला की ही खूण अधिक ठळक दिसते, कारण त्याच्या लाळेतील गंधद्रव्ये मादीला उत्तेजित करतात. माज दोन-तीन दिवस टिकतो आणि अंडमोचन त्याच्या उत्तरार्धात होते. म्हणून सहसा १२ ते २४ तासांच्या अंतराने दोनदा रेतन करतात. डुकराच्या वीर्याला गोठवणे फारसे मानवत नाही. त्यामुळे कृत्रिम रेतनासाठी मुख्यतः द्रावण मिसळून पातळ केलेले वीर्य सुमारे १७° से. तापमानात ठेवून काही दिवसांत वापरतात. कडक उन्हाळ्यात शुक्राणूंचा दर्जा घसरतो व त्याचा परिणाम पुढे कित्येक आठवडे राहतो.

जातींची निवड : लार्ज व्हाइट व लँडरेस यांच्या संकरातून मोठे वेत देणाऱ्या माद्या मिळतात, मांसासाठीच्या पिलांकरिता त्यांना ड्युरॉकसारख्या जातीचा नर देतात. गुवाहाटीजवळच्या राणी येथील राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने हँपशर व घुंगरू यांच्या संकरातून ‘राणी’ हा वाण विकसित केला. गोव्यातील ‘अगोंदा गोवन’ ही नोंदणीकृत देशी जात आहे.

गाभण काळ व वीण : रेतनानंतर १८ ते २४ दिवसांनी पुन्हा माज दिसला, तर मादी फळलेली नाही असे समजतात, सुमारे चार आठवड्यांनी सोनोग्राफीने खात्री करता येते. गर्भ रुजण्याच्या काळात माद्यांची अदलाबदल व झुंजी टाळाव्या लागतात. युरोपीय संघात २०१३ पासून रेतनानंतरच्या चार आठवड्यांपासून विण्याच्या आठवडाभर आधीपर्यंत माद्या गटाने ठेवणे बंधनकारक आहे. वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून प्रत्येक पिलाला पहिल्या दिवशीच चीक मिळावा लागतो. ऊब, आईखाली चिरडण्यापासून संरक्षण आणि पहिल्या आठवड्यात लोहाचे इंजेक्शन याही गरजा आहेत.

रोग : पार्व्होविषाणूमुळे गर्भ पोटातच सुकतात. लेप्टोस्पायरोसिस व ब्रुसेलोसिस यांमुळे गर्भपात होतो. हे दोन्ही माणसालाही होऊ शकतात. तरुण माद्यांना भरवण्यापूर्वी लसी द्याव्यात आणि नवी जनावरे काही आठवडे वेगळी ठेवावीत.

मूल्यमापन : प्रत्येक मादीची रेतन, वीण, जिवंत पिले व दूध तोडलेली पिले यांची नोंद ठेवणे आवश्यक असते. कळपाची खरी कसोटी जन्मलेल्या पिलांच्या संख्येपेक्षा दर मादीमागे वर्षाला दूध तोडून निरोगी निघालेल्या पिलांवर ठरते. वेत मोठे असूनही पिले दगावत असतील, तर दोष बहुधा निगराणीत शोधावा लागतो.