रान : दोन घरांचा एक शब्द

‘जंगल’ असा संकेत आणि पुढे दोन रिकामी घरे. रानशेतला एका संध्याकाळी मुले वर्तमानपत्रातील शब्दकोडे घेऊन व्हरांड्यात बसली होती. एकाने ‘वन’ लिहिले. पहिल्या घरातून जाणाऱ्या उभ्या शब्दाने तिथे ‘रा’ मागितला, तेव्हा दुसऱ्याने ते खोडून ‘रान’ केले. घाटावरून आलेले एक गुरुजी जवळच बसले होते. त्यांना ते पटेना. “आमच्याकडे रान म्हणजे शेत. भाकरी बांधून माणूस रानात जातो, तो काही जंगलात जात नाही!” मुले हसली, पण मी विचारात पडलो. गुरुजींचे चुकले नव्हते आणि मुलांचेही चुकले नव्हते.

शब्दकोड्याचा आजचा प्रकार फार जुना नव्हे. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या रविवारच्या पुरवणीत असे पहिले कोडे छापले. पुढे हा छंद जगभर पसरला आणि मराठी वृत्तपत्रांतही रुजला. इंग्रजीत एका घरात एक वर्ण बसतो. आपल्या लिपीत मात्र काना-मात्रेसह पुरे अक्षर एका घरात जाते, जोडाक्षरही एकाच घरात मावते. त्यामुळे ‘अरण्य’ तीन घरांचे आणि ‘रान’ दोनच घरांचे.

या दोन घरांकडे नेणाऱ्या वाटा किती आहेत पाहा. ‘वन’ हा सरळ संकेत. ‘जिवाचे ... करणे’ हा वाक्प्रचाराचा. ‘गायीमागे आले की गावाचे कुरण’ म्हटले, तर गायरान आठवावे. ‘हिरा नको, त्यातले जंगल हवे’ यात उत्तर दोन शब्दांच्या सांध्यात दडले आहे. ‘उलट्या नरा, कुठे चाललास?’ असे विचारले, तर अक्षरे फिरवावी लागतात. शत्रूविरुद्ध उठवितात ते रान, प्रतिस्पर्धी नसला की मोकळे मिळते तेही रानच. शब्द एकच, पण प्रत्येक संकेत त्याच्याकडे निराळ्या बाजूने येतो.

ही रीत कोड्यांपेक्षा कितीतरी जुनी आहे. अमरसिंहाने संस्कृत कोशात अरण्याला कानन, विपिन, अटवी अशी नावे दिली. आणि त्याच कोशात ‘वन’ हे पाण्याचेही एक नाव आहे. आपल्या स्तोत्रसंहितेतील ११९ वे स्तोत्र घ्या. हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांना प्रत्येकी आठ, अशी त्याची १७६ वचने आहेत. नियमशास्त्र, निर्बंध, विधी, आज्ञा, वचन असे शब्द पालटून पालटून स्तोत्रकर्ता जवळजवळ प्रत्येक वचनात एकाच गोष्टीकडे बोट दाखवितो. ही पुनरुक्ती नव्हे. ज्यावर प्रेम आहे, त्याला एक नाव पुरत नाही.

आता आपल्या रानाकडे येऊ. संस्कृत ‘अरण्य’ प्राकृतात ‘रण्ण’ झाले आणि मराठीत ‘रान’. हा शब्द घाटावर शेतापर्यंत पोहोचला. डहाणू-तलासरीकडे तो झाडांजवळ राहिला. मात्र आमच्या गावाच्या नावात रान आणि शेत शेजारी नांदतात, आणि येथील शेतीतही त्यांचे नाते तसेच आहे. भाताचे रोप करण्यासाठी शेतकरी पावसाआधी पाला, फांद्या आणि शेण जमिनीवर पसरून जाळतो. त्याला राब म्हणतात. पाला रानातून येतो, रोप शेतात उगवते. रानावाचून शेत नाही.

सरकारी कागदांनी मात्र या दोन शब्दांमध्ये रेघ ओढली. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले निर्माण झाली आणि पाला तोडणे गुन्ह्यात जमा होऊ लागले. १८८५ साली मुंबई इलाख्यात वनआयोग नेमला गेला, तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या गाऱ्हाण्यांत राबाचा प्रश्न मोठा होता. ज्या जमिनीला वारली कुटुंब ‘शेत’ म्हणे, तिच्यापुढे दप्तरात ‘वन’ असे लिहिलेले असे. हा शब्दांचा खेळ नव्हता. त्यावर घरातली चूल अवलंबून होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसलेल्या वनजमिनीवरील आदिवासींचा हक्क, चार हेक्टरांच्या मर्यादेत, मान्य केला. एका जमिनीला दोन नावे असू शकतात हे कायद्याच्या भाषेत यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

त्या संध्याकाळचे कोडे अजून संपले नव्हते. ‘असंस्कृत’ असा संकेत होता, तीन घरे होती. मुलांनी ‘रानटी’ लिहिले. अक्षरे चपखल बसली. मग एका वारली मुलाने विचारले, “फादर, आम्ही रानात राहतो. मग आम्ही रानटी का?” कोशाप्रमाणे उत्तर बरोबर होते. पण तो संकेत रानाबाहेर राहणाऱ्याने लिहिला होता, आणि त्याला रानातले काय दिसले होते, एवढेच त्यातून कळत होते. हे मी त्या मुलाला सांगितले, तरी माझे समाधान झाले नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मुलांना कोरे कागद दिले आणि सांगितले, “उत्तर ‘रान’ आहे. संकेत तुम्ही लिहा.” एकाने लिहिले : ‘पहिल्या पावसात शेवळी मिळतात ते.’ दुसऱ्याने : ‘वाघदेवाचे घर.’ तिसऱ्याने : ‘राबाला पाला देते ते.’ आणि आदल्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या मुलाने लिहिले : ‘आमच्या गावाचा पहिला अर्धा भाग.’

गुरुजींनी चारही कागद वाचले. मग खिशातून पेन काढून त्यांनी खाली पाचवा संकेत लिहिला : ‘भाकरी घेऊन जातात ते.’ त्यावर कुणीही हरकत घेतली नाही.